परदेशस्थांचा परतीचा मुहूर्त

गेल्या पितृपक्षांत, आमच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीं, पानें उठल्यावर अमेरिकेंतील चिरंजीवांचा दूरध्वनि आला. एरवीं ते मोबाइलच्या पडद्यापुढें नातीला बसवून तिच्याकडून ‘आजोबा, नमस्कार’ म्हणवून घेतात. त्या दिवशीं मात्र ते एकटेच होते. कुशल विचारून झाल्यावर म्हणाले, “बाबा, तिकडे सध्यां सुबत्तेचे दिवस आहेत असें सर्वजण म्हणतात. माझे दोन मित्र पुण्यास परत गेले. आम्हीं यावें कीं नाहीं? तुमचें मत काय?” हा प्रश्न त्यांच्या मुखांतून निघावा म्हणून घरांतील मंडळी चौदा वर्षें देव पाण्यांत घालून बसली होती. तो निघाला, आणि आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. “विचार करून कळवितों,” एवढेंच आम्ही म्हणालों.

प्रश्न केवळ आमच्या घरचा असता तर या सदरांत तो मांडण्याचें प्रयोजन नव्हतें. पण ज्यांच्या घरचें एकहि पान परदेशीं वाढलेलें नाहीं असें कुटुंब आमच्या वाचकांत आज शोधूनच काढावें लागेल. देशांत भरभराटीचे दिवस आले, वर्तमानपत्रें विकासाचे आंकडे ठळक अक्षरांनीं छापूं लागलीं, कीं अशा प्रत्येक घरांत तोच विषय निघतो : आतां तरी पोरांनीं परत यावें कीं नाहीं? एक पक्ष म्हणतो, देश हांक मारीत आहे, आतां न येणें हा कृतघ्नपणा. दुसरा म्हणतो, दुरून डोंगर साजरे. आहे तेथेंच बरें. दोन्ही पक्ष मोठ्या आवेशानें बोलतात, आणि दोघांच्याहि तोंडीं आधार एकच असतो, तो म्हणजे विकासाचा आंकडा.

आम्ही अगोदरच सांगून टाकतों कीं या वादांत आम्ही निर्लेप पंच नाहीं. एकदां आम्हीं या प्रश्नाचें उत्तर फार आत्मविश्वासानें दिलें होतें, आणि त्याचें फळ दुसऱ्यांनीं भोगलें.

आमचा धाकटा बंधु संगणकशास्त्र शिकून १९९८ सालीं अमेरिकेस गेला. २००० साल उजाडतांच जुने संगणक तारखांचा घोटाळा करतील या भीतीनें त्या वेळीं तिकडील पेढ्यांस माणसें हवीं होतीं, आणि आपल्याकडील हजारों तरुण त्या निमित्तानें समुद्र ओलांडून गेले. पुढें २००३ पासून २००८ पर्यंत आपल्या देशांत जी भरभराट झाली ती वाचकांस आठवत असेल. राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ, त्या वेळच्या गणनेप्रमाणें, ओळीनें तीन वर्षें नऊ टक्क्यांच्या वर होती. पुण्याजवळ हिंजवडीस शेतांच्या जागीं कांचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आम्हीं बंधूस लांबलचक पत्र लिहिलें : देश उठला आहे, आतां तेथें राहणें म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर औत हांकणें होय. त्या पत्राचा आम्हांस अभिमानहि वाटला होता. शाळेंतील सहकाऱ्यांस तें आम्हीं वाचून दाखविलें.

२००७ च्या उन्हाळ्यांत तो सहकुटुंब आला. सांठविलेले डॉलर मोडून त्यानें रुपये केले. त्या वर्षाच्या अखेरीस डॉलरास सुमारें ४० रुपयेच मिळत होते. घरांच्या किंमती रोज चढत होत्या, तेव्हां उशीर नको म्हणून चढत्या भावानेंच त्यानें घर घेतलें. जानेवारी २००८ मध्यें मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक २१,००० च्या वर गेला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो ९,००० च्याहि खालीं उतरला. सप्टेंबरांत न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली होती. ज्या परदेशी कामावर बंधूची येथील नोकरी उभी होती तें काम पुढल्या वर्षीं थांबलें, आणि नोकरी गेली. पण खरें सांगावयाचें तर त्या संसारास अधिक झळ दुसरीकडूनच लागली.

पुतणी त्या वेळीं आठ वर्षांची होती. मराठी तिला समजे, पण लिहितां येत नसे. वर्गांत तिच्या उच्चारांस मुलें हंसत. ती तक्रार करीत नसे; संध्याकाळीं गच्चीवर जाऊन एकटी बसे. आम्ही स्वतः शिक्षक; तरी ‘मुलें रुळतात’ असें म्हणून आम्हीं तो प्रश्न निकालांत काढला. भावजय तिकडे प्रयोगशाळेंत नोकरीस होती. येथें तशी जागा तिला मिळाली नाहीं. दोन-अडीच वर्षें घरांतील सणवार व कुळाचार ती हंसतमुखानें करीत राहिली. २०१० सालीं परत जाण्याच्या आदल्या रात्रीं तिनें आमच्या सौभाग्यवतींस एवढेंच सांगितलें : “भाऊजींचें पत्र आलें तेव्हां यायचें कीं नाहीं, हें मला कोणीं विचारलेंच नव्हतें.” हें वाक्य कानीं पडल्यापासून त्या पत्राचा उल्लेख आम्हीं कोणापाशीं केलेला नाहीं. आज प्रथमच करीत आहों.

तेव्हां सुबत्ता आणि परत येणें यांचा परस्परसंबंध काय, हें नीट तपासलें पाहिजे.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, म्हणून आरंभ शब्दांपासून करतों. ‘निवास’ आणि ‘प्रवास’ हे दोन्ही शब्द एकाच वस् धातूपासून झालेले. उपसर्ग तेवढा बदलतो. पाणिनीनें याहून सूक्ष्म भेद केला आहे. ‘निवास’ आणि ‘अभिजन’ यांसाठीं त्यानें दोन वेगळीं सूत्रें केलीं, आणि पतंजलीनें त्यांतील अंतर उलगडून दाखविलें : मनुष्य जेथें हल्लीं राहतो तो त्याचा निवास, आणि जेथें त्याचे पूर्वज राहिले तो त्याचा अभिजन. दोन हजार वर्षांपूर्वीं वैयाकरणांस जें स्वच्छ दिसत होतें तें आम्हांस वादाच्या भरांत दिसेनासें होतें. निवास बदलला म्हणून अभिजन तुटत नाहीं. आपलींच घरें पाहा. पेशव्यांच्या घराण्यांतील बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धन सोडून देशावर आले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदें येथें गेलेलीं अनेक मराठी कुटुंबें तेथेंच राहिलीं. तंजावरास गेलेल्यांचे वंशज अजूनहि घरांत आपल्या परीची मराठी बोलतात. आमचे स्वतःचे खापरपणजोबा कोंकणांतून वाईस आले. कोंकणांत पुढें आंब्याकाजूचे बरे दिवस आले, तेव्हां त्यांच्या मुलांनीं परत जावयास हवें होतें, असें आमच्या घरांत आजवर कोणीहि म्हटलेलें नाहीं. मग जो नियम कोंकणाहून आलेल्यास लागत नाहीं तो अमेरिकेस गेलेल्यास कां लागावा?

आतां सुबत्तेचें स्वरूप पाहूं. भरभराटीच्या काळांत पगार वाढतात हें खरें, पण ते कांहीं विशिष्ट धंद्यांत. घरांच्या किंमती आणि शाळांच्या फिया मात्र सर्वांनाच वाढीव द्याव्या लागतात. शिवाय दूर राहणारा मनुष्य सुबत्तेची बातमी ऐकून निघतो, आणि ही बातमी भरती पुष्कळ वर चढल्यावरच त्याच्यापर्यंत पोंचते. आयर्लंडचें उदाहरण घ्या. ज्या देशानें पिढ्यान्‌पिढ्या आपलीं मुलें अमेरिकेस व इंग्लंडास दिलीं, त्या देशांत १९९५ च्या सुमारास अशी भरभराट सुरू झाली कीं गेलेले लोक बायकामुलांसह परतूं लागले. घरांच्या किंमती आकाशास भिडल्या. २००८ सालीं तो फुगा फुटला. २०१० सालीं तेथील सरकारास युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधि यांच्यापुढें हात पसरावा लागला, आणि तरुण मंडळी पुन्हां ऑस्ट्रेलिया-कॅनडाच्या वाटेस लागली. पुढें कांहीं वर्षांनीं तोच देश पुन्हां सावरलाहि. यावरून भरभराट खोटी असते असें आम्ही म्हणत नाहीं. ती खरी असते, पण मुक्कामाची नसते. भरती पाहून नाव लोटावी. घर मात्र भरतीच्या रेषेवर बांधूं नये.

याच्या उलट, सुबत्तेचा मागमूसहि नसतांना जे परत आले त्यांचें काय झालें? दोन थोर पुरुषांचीं चरित्रें आम्हांस येथें आठवतात. हरगोविंद खुराना यूरोपांतील आपलें शिक्षण संपवून १९४९ सालीं स्वदेशीं आले. त्यांस येथें नोकरी मिळाली नाहीं. १९५० सालीं ते केंब्रिजास गेले, पुढें कॅनडा व अमेरिका येथें त्यांचें कार्य झालें, आणि १९६८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. जयंत नारळीकर केंब्रिजमधील प्रतिष्ठेचें स्थान सोडून १९७२ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले. १९७२ म्हणजे महाराष्ट्रांतील भीषण दुष्काळाचें वर्ष. तरी ते आले, राहिले, आणि १९८८ सालीं पुण्यास जी ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था स्थापन झाली तिचे ते पहिले संचालक झाले. २० मे २०२५ रोजीं पुण्यासच ते निवर्तले. आतां खुरानांचें देशप्रेम उणें आणि नारळीकरांचें अधिक, असा निवाडा कोण करील? एकास कामाला बसावयास पाट मिळाला नाहीं. दुसऱ्यास १९४५ सालापासून चालत आलेल्या संस्थेनें पाट मांडून दिला. देशांत पैसा किती खेळतो यापेक्षां आपल्या विद्येस तेथें बसावयास जागा आहे कीं नाहीं, हें परतणाऱ्यानें आधीं पाहावें.

कोणी म्हणेल, पण देशाच्या ऋणाचें काय? अल्प फीवर येथें शिकून विद्या परदेशीं नेली, हा आक्षेप आम्हांस सर्वस्वीं निराधार वाटत नाहीं. त्यावर दुसरा पक्ष मनिऑर्डरीचा हिशेब पुढें करतो. तोहि लहान नाहीं. २०२२ सालीं परदेशस्थ भारतीयांनीं मायदेशीं पाठविलेल्या रकमा १०० अब्ज डॉलरांच्या वर गेल्या. एका वर्षांत एवढी रक्कम मिळालेला भारत हा जगांतील पहिला देश. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणें २०२३-२४ सालीं अशा रकमांचा सुमारें पांचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्रांत आला. परंतु हा युक्तिवाद आम्ही फार ताणणार नाहीं. मनिऑर्डर आली म्हणजे मुलगा आला, असें जगांतील कोणतीच आई मानीत नाहीं. ऋण आहे, तें फेडण्याच्या वाटा मात्र अनेक आहेत. आपल्या जुन्या शाळेस प्रयोगशाळा बांधून देणारा परदेशस्थ आणि येथें राहून कर चुकविणारा गृहस्थ यांत देशाचें ऋण कोणावर अधिक आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचे जे परवाने दरवर्षीं दिले जातात त्यांपैकीं कोणत्याहि एका देशाच्या वांट्यास साधारणतः सात टक्क्यांहून अधिक येत नाहींत. त्यामुळें भारतीयांची रांग इतकी लांबली आहे कीं त्यांत दहा-दहा वर्षें उभे असलेले पुष्कळ आहेत. आमचे चिरंजीव त्यांपैकींच एक. सप्टेंबर २०२५ मध्यें नव्या एच-वन-बी अर्जांवर १,००,००० डॉलरांचें शुल्क बसविणारा हुकूम तेथें निघाला, आणि ज्यांस तो लागू नव्हता त्यांच्याहि घरांत धास्ती शिरली. पण भीतीनें पळून येणें हेंहि सुबत्तेच्या लोभानें येण्याइतकेंच कच्चें कारण होय. नात जन्मानें अमेरिकन नागरिक. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. अशा मुलांस ‘ओसीआय’ कार्ड मिळतें. त्यावर येथें राहतां व शिकतां येतें, पण पुढें मत देतां येत नाहीं आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. तिकडील निवृत्तिवेतनाचा हक्क लागण्यास साधारणतः दहा वर्षांच्या नोकरीची वर्गणी भरावी लागते. ती पुरी होण्यास थोडके महिने उरले असतां निघणें शहाणपणाचें नव्हे. महाराष्ट्रांत २०२० च्या कायद्यानें सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. आम्हांस तें योग्यच वाटतें. पण नऊ वर्षांच्या मुलीस एकाएकीं चौथीच्या वर्गांत बसविणें हा तिच्यावर अन्याय होय. तिची तयारी तिकडे असतांनाच करून घेतली पाहिजे. पुतणीच्या वेळीं जें आम्हांस सुचलें नाहीं तें आतां सुचलें आहे. दर रविवारीं सकाळीं पडद्यावर आम्ही नातीकडून मुळाक्षरें गिरवून घेतों. ‘ळ’ अजून तिच्या जिभेवर बसत नाहीं, घाई नाहीं.

शेवटची गोष्ट आम्हां वडीलधाऱ्यांची, आणि ती लिहितांना लेखणी अडखळते. आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. नातू केव्हां येणार हें त्या दररोज विचारतात, आणि विचारल्याचें विसरून पुन्हां विचारतात. गेल्या पावसाळ्यांत आमच्या सौभाग्यवती न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या, तेव्हां त्यांस इस्पितळांत नेण्यास शेजारचा मुलगा धांवून आला. आपला मुलगा जवळ असावा असें त्या रात्रीं आम्हांस ज्या तीव्रतेनें वाटलें तें शब्दांत सांगतां येणार नाहीं. आईबापांच्या निर्वाहासाठीं सरकारनें २००७ सालीं कायदा केला आहे. पण कायद्यानें पोटगी मिळते, सोबत मिळत नाहीं. सोबतीची ही भूक खरी आहे, आणि तिची लाज वाटण्याचें कारण नाहीं. लाज वाटावी ती दुसऱ्या गोष्टीची. आपली ही गरज आपण देशाची गरज म्हणून मुलांपुढें ठेवतों. २००७ सालच्या आमच्या पत्रांत ‘देश’ या शब्दाच्या जागीं ‘आम्ही’ हा शब्द घातला असता तर तें पत्र खरें झालें असतें. बंधूस मग ‘दादाला मी हवा आहे’ एवढेंच कळलें असतें, आणि त्याचें मोल काय हें त्यानें व त्याच्या पत्नीनें मिळून ठरविलें असतें.

मग यावें कीं नाहीं? आमचें मत असें आहे. परतूं इच्छिणाऱ्यानें स्वतःस पुढील प्रश्न विचारावे. आल्यानंतर दुसऱ्याच वर्षीं ही सुबत्ता ओसरली तरी मी येथें राहीन काय? माझ्या विद्येस येथें काम आहे काय? पत्नीस आधीं विचारलें आहे काय, आणि तिच्या कामाचा विचार माझ्या कामाइतकाच केला आहे काय? मुलांची भाषेची व मनाची तयारी झाली आहे काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असेल तर बाकीच्यांची सोय धीरानें लावतां येते. आल्याबरोबर घर विकत न घेतां वर्षभर भाड्यानें राहावें, म्हणजे चूक झाली तरी ती दुरुस्त करतां येते. पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असेल तर विकासाचे आंकडे कितीहि चढोत, येऊं नये. आणि न येणाऱ्यास घरांतील कोणीं टोचून बोलूं नये. ज्यास यावयाचें आहे त्यास दुष्काळांतहि मुहूर्त सांपडतो.

चिरंजीवांस आम्हीं याच आशयाचें पत्र पाठविलें. मोबाइलवर नव्हे, कागदावर. वर लिहिलें कीं हें पत्र सूनबाईंनीं आधीं वाचावें. शेवटीं लिहिलें : “तुम्हीं सर्वांनीं यावें असें आम्हांस फार वाटतें. ही आमची इच्छा आहे, आमचें मत नव्हे. दोहोंची गल्लत करूं नये. माडीवरची खोली आम्हीं भाड्यानें दिलेली नाहीं. पण तिच्यासाठीं कोणीं येऊं नये.” पत्र टपालांत टाकण्यापूर्वीं सौभाग्यवतींस वाचून दाखविलें. शेवटचें वाक्य काढून टाकावें असें त्या म्हणाल्या. तें आम्हीं राहूं दिलें. त्या दिवशीं त्या आमच्याशीं फारसें बोलल्या नाहींत.

पंधरवड्यानें सूनबाईंचें उत्तर आलें. त्यांनीं लिहिलें आहे कीं त्यांच्या क्षेत्रांतील कामाची पुण्यास कितपत सोय आहे याची चौकशी त्या स्वतः करीत आहेत, आणि निर्णयास सहा महिने लागतील. चौदा वर्षांत त्यांनीं आम्हांस लिहिलेलें हें पहिलेंच स्वतंत्र पत्र. निर्णय काय होईल तो होवो. तें पत्र आम्हीं जपून ठेवलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरचें कोणी परत आलें, अथवा येऊन पुन्हां गेलें, त्यांनीं आपला अनुभव अवश्य कळवावा. विशेषेंकरून सुनांनीं लिहावें, अशी आमची विनंति आहे. त्यांस विचारावयाचें राहून गेलें असें घर आमचें एकट्याचेंच नसावें.